नकाशांच्या खोलीला आतून कडी

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मालवणच्या एका हायस्कुलात मी लागले, तेव्हा शिक्षकांत बाई मी एकटीच. आठवीत मुली बऱ्यापैकी असत. अकरावीपर्यंत दोघी-तिघी उरत. लग्नं लवकर होतात, असं सगळे म्हणत आणि मलाही ते पटलं होतं.

नववीत एक मुलगी गणितात फार हुशार होती. वडील बोटीवर नोकरीला, घरी ती आणि आई. एकदा तास संपला, वर्ग रिकामा झाला, तरी ती बाकावरून उठेना. चेहरा पांढराफटक. मी जवळ गेले आणि काय झालंय ते कळलं. तिच्या मागे अगदी लागून चालत मी तिला घरी पोचवलं. त्यानंतर ती शाळेत आलीच नाही.

शेवटी मी तिच्या घरी गेले. आई दारात आली. म्हणाली, "आता शाळा पुरे, बाई. दर म्हयन्याक चार दिस घरात बसाचा, तर शिकतली कधी?"

"त्या चार दिवसांतही पाठवा."

"शाळेत शिवाशिव होतली, त्येचा काय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी आज तशीच आहे. सकाळी तास घेऊन आले."

ती एक पाऊल मागे सरली. "मगे तुमी भायरच बसा," म्हणाली. मी बाहेर अंगणात, खळ्यातल्या पेळेच्या कट्ट्यावर बसले. तिने चहा आणला आणि कप लांबूनच माझ्यापुढे ठेवला. मग स्वतः उंबऱ्यावर बसली.

"बाई," तिने हळू आवाजात विचारलं, "तुमच्या शाळेत चेडवान जावचा खंय? आडोसो खंय आसा?"

मी स्वतः मधल्या सुट्टीत जवळच्या ओळखीच्या घरी जात असे. मुलींचं काय, हा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांपुढे उभी राहिले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत सगळं सांगून टाकलं. तेही टेबलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नकाशांच्या खोलीला मागे मोरी आहे. नकाशे माझ्या खोलीत आणून ठेवा." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

शिपायाने दाराला आतून कडी बसवली. मी बादली, तांब्या आणि चटई ठेवली. त्या मुलीच्या आईला निरोप धाडला. उलट तिच्याकडून एक गाठोडं आलं. धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचे नीट घडी घातलेले तुकडे होते त्यात. गाठोडं घेऊन आली ती मुलगीच, दप्तरासकट.

बाकीच्या मुलींना मला काही सांगावं लागलं नाही. आपापसात कळलं त्यांना. काही घरांतून तरीही नकार आला. दोघींच्या दारातून मला परत फिरावं लागलं. पण हजेरी घेताना मुलींच्या नावांपुढे 'गैरहजर' लिहायची वेळ कमी होत गेली.

ती मुलगी अकरावीला गेली, त्या वर्षी मुलींना एक बाक पुरेना. मागचा बाक मुलांकडून मागून घ्यावा लागला. मुलं कुरकुरली. मुली दप्तरं उचलून त्या बाकावर सरकल्या आणि मी फळ्याशी मान ताठ करून उभी राहिले.