रोम सोडून समुद्रावर

आमच्या घरात कुणालाच कधी काही हवं नसतं. हॉटेलात गेलो की "तुम्ही मागवा, मला काहीही चालेल," आणि साडीच्या दुकानात गेलो की "मला कशाला, आहेत की ढीगभर." ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ही आमच्या घराण्याची जुनी रीत. ती आई-बाबांनी नागपूरहून इंग्लंडातल्या आमच्या मेडनहेडला आणली आणि तिथून आम्ही चौघांनी मिळून भूमध्य समुद्रातल्या बोटीवरही नेली.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. मी आणि नवरा दोघंही सॉफ्टवेअरवाले, वर्क परमिटवर इंग्लंडात आलेले. आई-बाबा उन्हाळ्यापुरते आमच्याकडे राहायला आले होते. क्रूझची कल्पना नवऱ्याची. "आईंना चालायला नको, बॅगा उचलायला नको. हॉटेलच आपल्याला घेऊन फिरेल," असं तो म्हणाला, आणि माझ्या ह्या पुण्याच्या माणसाचं मला मनापासून कौतुक वाटलं. युरोपात उतरायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे हेलपाटे त्याने घातले, लंडनमधल्या वेम्बलीच्या देशी दुकानांतून चिवडा-फरसाण मी आणलं, आणि साउथॅम्प्टनहून आम्ही निघालो.

आईचे गुडघे पार गेलेले होते. कुठेही गेलो की "पुढे व्हा तुम्ही, मी बसते इथे," हे ठरलेलं. विंडसरला किल्ल्याच्या चढाखालच्या बाकावर, वेम्बलीला भाजीच्या दुकानातल्या स्टुलावर, आमच्या पिशव्या सांभाळत ती बसलेली असायची. परत आलो की "छान होतं का?" असं इतक्या खऱ्या उत्सुकतेने विचारायची की मला तिचा रागच यायचा. ऑपरेशन करून घ्या, असं नागपूरच्या डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं. बाबा अधूनमधून विषय काढायचे, ती म्हणायची, "मला आता कुठे शर्यतीत धावायचंय?" की विषय मिटला. तिचं जग दर वर्षी थोडं थोडं लहान होत चाललं होतं आणि मला त्याची धास्ती वाटायची.

बोट रोमच्या बंदराला लागणार त्याच्या आदल्या संध्याकाळी सहलींचं पत्रक घेऊन आम्ही चहाला बसलो. प्रत्येक सहलीपुढे चालणाऱ्या माणसाची बारीक चित्रं होती. जितकी माणसं, तितकी पायपीट. रोमपुढे तीन माणसं. शेवटच्या पानावर 'बीच डे' नावाचं एक प्रकरण होतं, त्यापुढे एकच माणूस, तोही बिचारा एकटा पडल्यासारखा दिसत होता.

बाबांचा जीव रोममध्ये अडकला होता. वीज मंडळातून रिटायर झाल्यापासून ते लायब्ररीतून एकेका देशाची पुस्तकं आणून वाचायचे. कलोसियमला किती दारं होती, हे त्यांनी सकाळी फिरायला येणाऱ्या मित्रांना ऐकवून ऐकवून बेजार केलेलं होतं. निघताना त्या मित्रांनी त्यांना हार घातला होता, तोसुद्धा रोमच्या नावाने.

आईने तीन माणसं मोजली आणि चष्मा काढला. "तुम्ही तिघं जाऊन या. मी बोटीवर बसते. इथे काय, जेवण आहे, चहा आहे."

"तू दर वेळी बसतेस," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले असणार, कारण शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वळून पाहिलं.

नवऱ्याने तोडगा काढला. "बाबा आणि मी रोम, तुम्ही दोघी बीच. सिंपल."

पण आमच्याकडे सिंपल काही चालत नाही. "वेगवेगळं कशाला?" बाबा म्हणाले. "एवढ्या लांब काय वेगवेगळं फिरायला आलो?"

"मला काहीही चालेल," आई म्हणाली.

"मलाही," बाबा म्हणाले, आणि पत्रक उचलून तिकिटांच्या काउंटरकडे गेले. रोमच आणणार, हे आम्ही तिघांनीही धरून चाललो होतो. आईने तर उद्या डेकवर कुठे सावली असते, याची चौकशीही करून टाकली.

बाबांनी चार तिकिटं आणली, चारही बीचची. "रोमला ऊन फार असतं म्हणे," असं म्हणून त्यांनी राहिलेला चहा संपवला.

समुद्राकाठी ऊन नसतं का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही. मला बाबांबद्दल एकदम फार प्रेम वाटलं. आईला मात्र संतापच आला. "मी म्हटलं होतं का? देवळाच्या पायरीपर्यंत जायचं आणि माझ्यामुळे दर्शन न घेता परत फिरायचं. आता जन्मभर लोकांना सांगत फिरतील, हिच्या गुडघ्यांपायी रोम राहिलं." बाबा असं कधीच सांगणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. पण ती स्वतः ते विसरणार नाही, हे मला ठाऊक होतं. उद्याचा दिवस रोमच्या तोलाचा निघायला हवा होता. नाही निघाला तर आई पुन्हा कुठल्याही प्रवासाला निघणार नाही, याबद्दल मला शंका नव्हती.

सकाळी आम्ही तयार झालो ते थेट चौपाटीला निघाल्यासारखे. समुद्रावर जायचं म्हणजे बरे कपडे घालायचे, काठाकाठाने फिरायचं, काहीतरी चटकमटक खायचं आणि वाळू झटकून घरी यायचं, यापलीकडे आमच्या चौघांच्याही डोक्यात काही नव्हतं. आईने ठेवणीतली निळी साडी नेसली. बाबांनी इस्त्रीची पँट, मोजे, बूट. मी चिवड्याचा डबा, कांदा, लिंबू आणि सुरी घेतली. पोहायचे कपडे घ्यावेत, हे इंजिनिअर असलेल्या दोन माणसांपैकी एकालाही सुचलं नाही.

कोचमधून उतरलो आणि बाबांची पंचाईत झाली. नजर टाकावी तिकडे माणसं जवळजवळ कपड्यांशिवाय आडवी पडलेली. कुणी फिरत नव्हतं, कुणी खात नव्हतं. बाबांनी खुर्ची समुद्राकडे तोंड करून अगदी पुढे ओढली आणि क्षितिजाकडे एकटक बघत बसले. "दिवसभर करायचं काय इथे?" एवढंच त्यांनी विचारलं.

आईचे हाल त्याहून वाईट. वाळूत पाय रुतायचा, वळायचा, आणि प्रत्येक पावलाला तिच्या तोंडून बारीक आवाज निघायचा. मी एका बाजूने, नवरा दुसऱ्या बाजूने, असं धरून आम्ही तिला छत्रीखाली आणून बसवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"इथेही बसायचंच ना गं," ती म्हणाली. "मग बोटीवर काय वाईट होतं? यांना तरी जाता आलं असतं."

मी कांदा चिरायला घेतला. चिवडा झाला, लिंबू पिळून झालं, सगळ्यांनी खाल्लं. नवऱ्याने दोन विनोद केले, पण कुणालाच हसू आलं नाही. रोम तिथून फार लांब नव्हतं, आणि ते चौघांनाही माहीत होतं.

मग आई म्हणाली, "त्या बायका पाण्यात चालून राहिल्या का गं?"

मी पाहिलं. तिच्याच वयाच्या, चांगल्या भरलेल्या अंगाच्या चार-पाच इटालियन बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. उभ्या नव्हत्या, चालत होत्या. काठाला धरून या टोकाहून त्या टोकाला, गप्पा मारत, डोक्यावर हॅट, एकीच्या गळ्यात चक्क मोत्यांची माळ. टोकाला गेल्या की वळायच्या आणि परत यायच्या. आपल्याकडे संध्याकाळी कॉलनीतल्या बायका जेवण जिरवायला निघतात, तसंच ते होतं.

आई बराच वेळ बघत राहिली. मग तिने जावयाकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. मला कळलं. जावयासमोर ओल्या साडीत उभं राहायचं, हे तिच्याच्याने ह्या जन्मात होणार नव्हतं. नवऱ्यालाही कळलं असावं. तो उठला, "आइस्क्रीम कुठे मिळतं बघून येतो, वेळ लागेल मला," म्हणाला आणि दुकानं डावीकडे असताना उजवीकडे निघून गेला. त्याच्यावर मी लग्नानंतर बऱ्याचदा चिडले आहे, पण ते उजवीकडे जाणं आठवलं की माझा राग टिकत नाही.

आईने पदर कमरेला खोचला, निऱ्या वर घेऊन मागे घट्ट खोचल्या. मी माझी जीन्स गुडघ्यापर्यंत वर केली, आणि तिला धरून पाण्याकडे नेलं. घोट्याएवढ्या पाण्यात तिचं कण्हणं चालूच होतं. गुडघ्याएवढ्या पाण्यात ती थांबली. पाणी मांड्यांपर्यंत आलं तोवर माझी जीन्स भिजून गेली होती आणि तिची माझ्या मनगटावरची बोटं एकेक करून सैल होत होती. कमरेएवढ्या पाण्यात तिने हात सोडून दिला.

"अगं," ती म्हणाली, "दुखत नाहीये."

तिने एक पाऊल टाकलं, मग दुसरं. निळी साडी तिच्याभोवती फुगून तरंगत होती आणि ती दोन्ही हातांनी पाणी मागे सारत चालली होती. मी बरोबर चालले, मग मागे पडले, कारण तिला थांबायचंच नव्हतं. मोत्यांच्या माळेवाली बाई समोरून आली, हसून काहीतरी म्हणाली. आईने तिला मराठीत सांगितलं, "पाणी छान आहे हो." दोघींना ते पटलं.

काठावर गडबड उडाली होती. बाबांनी बूट-मोजे काढले होते, पँट पोटरीपर्यंत वर केली होती, आणि ते वाळूतून आईच्या बरोबरीने पळत होते. "पुरे आता," ते ओरडत होते. "लांब जाऊ नको. अगं, ऐकतेस का?" आई ऐकत नव्हती. माझ्या उभ्या आयुष्यात रस्त्याने बाबा पुढे आणि आई मागे, असंच मी पाहिलं होतं. बाबांना धाप लागलेली आणि आई पुढे निघून गेलेली, हे बघून मला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात.

खडकापर्यंत जाऊन ती वळली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी बाबाही पँटसकट पाण्यात उतरले. जावयाचं आइस्क्रीम येईपर्यंत ते वितळून गेलं होतं, आणि आई तोवर बोटीवरून मिळालेल्या कोरड्या टॉवेलात गुंडाळून छत्रीखाली बसली होती. चेहऱ्यावर असं काही तेज होतं की बिचारा दचकला.

परतीच्या कोचमध्ये ड्रायव्हरने आमच्या सीटवर प्लास्टिक अंथरलं. नवरा पुढच्या सीटवर बसल्या बसल्या झोपला. आई खिडकीशी, मध्ये बाबा, पलीकडच्या बाजूला मी.

"न दुखता चालणं कसं असतं, तेच विसरले होते मी," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "अहो, नागपूरला गेलो की त्या गुडघ्याच्या डॉक्टरांकडे जाऊ म्हणते."

बाबा "बरं" म्हणाले. नुसतं बरं. आईने सीटला डोकं टेकून डोळे मिटले. ती झोपली असं पाहून बाबा माझ्याकडे वळले आणि अगदी हळू आवाजात बोलले.

"मी नुसता विषय काढायचो गं. ती नको म्हणाली की मला सुटल्यासारखं व्हायचं. तिला त्या टेबलावर घेतलं आणि काही कमीजास्त झालं तर, याची मलाच भीती वाटायची."

मी त्यांचा हात धरला.

"माहीत होतं मला," आई डोळे न उघडता म्हणाली. "म्हणून तर नको म्हणत होते."