कंसातली नावाडीण

पुस्तक वाचून दाखवताना मी एकशे अठरा पानं गाळली. हे आधीच सांगून टाकतो, कारण एवढं एक वाक्य बोलायला मला दोन वर्षं लागली.

मी प्रॉम्प्टर आहे. दिवसा वडशातल्या एका राईस मिलमध्ये नोकरी आणि दिवाळीनंतर नाटकाचा सीझन लागला की विंगेतली खुर्ची. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नटाला एका सीझनला चार-पाच नाटकं करावी लागतात, तालमी मोजक्या होतात, त्यामुळे अर्धंअधिक पाठांतर प्रॉम्प्टरच्या तोंडातच असतं. मी वाक्य म्हणायचं, नटानं ते उचलायचं. नाटक लांबायला लागलं की कापायचं कामही माझंच. पेन्सिलीनं कंस काढायचा, आतलं सोडून द्यायचं, बाहेरची दोन टोकं जुळवून घ्यायची. विंगेतला बल्ब मिणमिणता असतो म्हणून कंस चांगला दाबून काढायचा. बत्तीस वर्षांत हा हात पक्का झाला.

बाई म्हणजे आमच्या नाटक कंपनीतल्या नटी, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. वीस सीझन त्यांनी माझ्या आवाजावर काम केलं. आई, सासू, खाष्ट मावशी, कधी दरोडेखोरीण. एकदा माझ्या हातून दोन पानं एकदम उलटली आणि ज्या मुलाला त्यांनी अजून घराबाहेर काढलेलंच नव्हतं, त्याला 'परत ये' म्हणून रडायची पाळी त्यांच्यावर आली. मग त्यांनी मनानंच चार वाक्यं टाकून आधी त्याला घराबाहेर काढलं आणि मग रडल्या. नाटक संपल्यावर मालक तावातावानं आत आले, तर म्हणाल्या, "मीच विसरली जी. माहाच गोंधळ झाला." मी शेजारीच उभा होतो. तेव्हाही काही बोललो नाही.

पुढे शुगरनं त्यांच्या डोळ्यांचा घास घेतला. नागपूरला दोनदा नेलं, लेझर केलं, पण उजेड आणि अंधार एवढंच काय ते उरलं. त्यांच्याकडे त्यांची भाची कॉलेजसाठी राहायला होती. तिनं ती कादंबरी आणली. तीन जाड खंड. डोंगराकडे उलट वाहणारी नदी, पाण्याखालचं राज्य, सावली हरवलेला राजपुत्र आणि त्या सगळ्यांना या काठावरून त्या काठावर नेणारी एक म्हातारी नावाडीण. कॉलेजातली पोरं त्या पुस्तकापायी वेडी झाली होती. भाचीनं पहिली काही पानं आत्याला वाचून दाखवली, पण ती वाचायची आगगाडीसारखी. बाईंनी मला निरोप धाडला.

"भाऊ, पोरगी वाचते का पळते काही समजत नाई. तुमचा आवाज आला का मले चित्र दिसते. वाचता का?"

नाही कसं म्हणणार? मिल सुटली की मी त्यांच्या पडवीत जाऊन बसू लागलो. पावसाळाभर दोन खंड झाले. बाई मांडीवर हात ठेवून ऐकायच्या. राजपुत्र, लढाया, जादू यांत त्यांना फारसा रस नव्हता. नावाडीण आली की मात्र सरसावून बसायच्या.

"पाहा ना भाऊ, साठ वर्षांची बाई, नवरा नाई, लेकरू नाई, अन् कोणी तिले बिचारी म्हणत नाई. सगळे म्हणतात, नाव काढ. असा रोल मले कोणी देल्ला काय?"

तिसरा खंड सर्वांत जाड. त्याच सुमाराला एका नव्या नाटक कंपनीनं मला बोलावलं आणि तालमी लवकर लागल्या. पुढे मी मनाशी अनेक कारणं रचली, की बाईंची तब्येत नाजूक होती, त्यांना धक्का बसला असता. ते सगळं नंतरचं. खरं एवढंच की मला कंटाळा आला होता. दिवसभर मिलचा भुसा नाकात, संध्याकाळी तालमीत बोलून घसा बसलेला, आणि मधल्या तासाभरात ही नदी. बाईंना 'आता जमत नाही' एवढं सांगितलं असतं तर त्या हसून हो म्हणाल्या असत्या. पण माझ्या तोंडून ते निघेना.

मग मी एका रविवारी खंड घरी आणला, शेवटाकडून चाळला आणि नाटकाच्या वहीवर करतो तेच केलं. कंस काढले. पुस्तक भाचीचं आहे, हे हात चालू असताना डोक्यातही आलं नाही. त्या कंसांत नावाडीण बुडते ते प्रकरण गेलं. सगळ्यांना पैलतीरी उतरवून ती भरलेल्या नदीत एकटी परत फिरते, कारण अलीकडे एक माणूस राहिलेला असतो. नाव येते, ती येत नाही. हे मी एकदा भरभर वाचलं आणि कंसात टाकलं.

वाचताना टोकं जुळवली. शेवटच्या पानांत ती कुठेच नाही हे बाईंच्या लक्षात आलं असतं, म्हणून पदरचं घातलं. 'नावाडीण आपल्या घाटावर उतरली. वल्हं खांद्यावर टाकलं आणि मागे न पाहता घराकडे चालू लागली.'

बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "पुन्हा एकदा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. शब्द न् शब्द तोच. प्रॉम्प्टरची स्मरणशक्ती असते ती अशा वेळी कामी आली.

तिथेच संपलं असतं. पण सहा-सात महिन्यांनी बातमी आली की त्या कादंबरीवर सिनेमा निघतोय.

भाची आणि तिच्या मैत्रिणींना दुसरं काही सुचेना. नदी उलटी कशी दाखवतील, राजपुत्राला सावली नाही हे कसं करतील, कोणती नटी कोण होणार. मोबाइलवर त्यांचा एक ग्रुप होता आणि पोस्टरचा एक कोपरा जरी दिसला तरी त्यावर दोन दिवस वाद चालायचे. त्या सगळ्यांपेक्षा जास्त वाट पाहत होत्या बाई. शेजारच्या बायका धान्य निवडत बसल्या की त्यांना गोष्ट सांगायच्या, आणि शेवटी केरसुणी नाही तर छत्री, हाताला लागेल ते खांद्यावर टाकून पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायच्या. भिंतीला एक हात लावून. साठी उलटलेली ती बाई अशी चालायची की बायका निवडायच्या थांबायच्या.

"बाकी काही का दाखवत नाई सिनेमात," त्या म्हणायच्या, "पण हे चालणं दाखवलं पाहिजे. नाई तर मी पैसे वापस मागीन."

मी ते चालणं चार-पाच वेळा पाहिलं. दर वेळी चहा अर्धा टाकून उठलो.

एके दिवशी मी फाटकातून आत शिरलो तेव्हा भाची आणि तिची मैत्रीण पडवीत बाईंसमोर बसल्या होत्या आणि आवाज चढलेले होते.

"आत्या, अवो ती मरते! सगळ्या कॉलेजले माहीत आहे."

"तुह्या कॉलेजनं वाचलं असन झोपेत. मी शब्द न् शब्द ऐकला आहे."

"तिसऱ्या खंडात आहे न वो..."

"आले पाहा भाऊ. त्यायलेच विचार. भाऊ, नावाडीण मरते काय जी?"

तिघींची तोंडं माझ्याकडे. तो खंड भाचीच्या पुढ्यात, बंद. तिनं तो पहिल्यांदा दुसऱ्या एका मैत्रिणीकडून आणून वाचला होता. ही तिची स्वतःची प्रत माझ्या हाती गेल्यावर तिनं पुन्हा उघडली नव्हती.

मी म्हटलं, "आवृत्ती वेगवेगळी असते. नव्या आवृत्तीत बदललं असेल. आपल्या पुस्तकात तर ती घरी जाते."

आणि हात पुढे करून पुस्तक उचललं. "बघतो पुन्हा," म्हटलं.

मैत्रीण हसली. तिचा तिसरा खंड अजून वाचून व्हायचा होता. भाचीला म्हणाली, "घे, स्वतःचंच पुस्तक वाचलं नाई अन् ग्रुपवर ज्ञान वाटते." बाईही हसल्या. "अभ्यास कर म्हणते तर करत नाई, आता गोष्ट भी उलटी सांगते." भाचीचा चेहरा लाल झाला. ती माझ्याकडे बघत होती. मी पुस्तकाच्या पाठीवरची धूळ पुसत होतो. धूळ नव्हती.

घरी जाऊन मी खोडरबर घेऊन बसलो. एकेक कंस पुसला. चार दिवसांनी पुस्तक परत दिलं. भाचीनं घेतलं, चहा केला, बिस्किटं ठेवली. त्यानंतर वर्षभर तिनं कधी आत्याशी नावाडिणीचा वाद घातला नाही. मला वाटलं, विसरली.

यंदा उन्हाळ्यात ट्रेलर आला. मला खास बोलावणं होतं. भाचीनं मोबाइलचा आवाज मोठा करून तो आत्याच्या कानाशी धरला. ढोल, पाणी, कोणीतरी ओरडतं, मग सगळं शांत आणि फक्त लाकडावर पाणी आपटल्याचा आवाज.

"आता काय दिसून राह्यलं?" बाईंनी विचारलं.

"नाव आहे," भाची म्हणाली.

"अन् नावाडीण?"

भाचीनं मोबाइल खाली घेतला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला एक शब्द बोलायचा होता, 'रिकामी'. वर्षापूर्वी जिला खोटारडी म्हणून हसले, ती आता एका शब्दानं खरी ठरली असती. पण ती तो शब्द बोलेना.

"काऊन वो, नाव रिकामी आहे काय?" बाईच म्हणाल्या.

मग मी सांगितलं. आवृत्ती एकच आहे. तुमच्या पुस्तकात ती बुडते. मी कापलं. घरी जायचं वाक्य माझं.

बाई सावरून बसल्या. पंखा फिरत होता. मग एकेक प्रश्न आला, तालमीत वाक्य तपासतात तसा.

"कंस केले होते?"

"हो."

"पोरीच्या पुस्तकात?"

"हो. नंतर पुसले."

"पुसल्यानं जात नाई ते," भाची पहिल्यांदाच बोलली. "काका, तुम्ही लय दाबून काढता. उजेडात पान तिरपं धरलं का दिसते."

म्हणजे पुस्तक परत मिळालं त्याच दिवशी तिला कळलं होतं. वर्षभर ती मला चहा देत होती.

"तू काऊन नाई सांगतलं मले?" बाईंनी तिला विचारलं.

"तू चालून दाखवायची न," ती म्हणाली.

बाई माझ्याकडे वळल्या. म्हणजे माझा आवाज जिथून आला होता तिकडे. "मले खोटं वाचून दाखवलं ते एक राहू द्या, भाऊ. कंपनीत कापाकापी चालतेच. पण तुम्ही या लेकराले तिच्या मैत्रिणीपुढे खोटं पाडलं. अन् मी हसली. तुमच्या आवाजावर भरोसा ठेवून मी हसली."

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही, कळलं नाही. त्यांनी भाचीला तिसरा खंड आणायला सांगितला.

मी हात पुढे केला. सवयीनं.

"तुम्ही नाई," बाई म्हणाल्या. "तुम्ही बसा."

भाची वाचू लागली. तशीच, आगगाडीसारखी. स्वल्पविराम गिळत, दोन वाक्यं एका दमात. मला जागोजागी सांगावंसं वाटत होतं, इथे थांब, इथे आवाज खाली घे. तोंड बंद ठेवून बसलो. एकशे अठरा पानं एका दिवसात होत नाहीत. तीन संध्याकाळी गेलो, तीनही दिवस खाली मान घालून ऐकलं. तिसऱ्या दिवशी नावाडीण परत फिरली. राजपुत्र तिला थांब म्हणतो, तेव्हा ती म्हणते की माझी खेप अजून पुरी झाली नाही. मग चार पानं नुसती नदी आणि ती. मी ही पानं कधी नीट वाचलीच नव्हती. कंस काढायला जेवढी लागतात तेवढीच वाचली होती.

नाव रिकामी काठाला लागली तिथे भाची थांबली. बाईंचे हात मांडीवर नव्हते. दोन्ही मुठी छातीशी, वल्हं धरल्यासारख्या.

"हा सीन," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा सीन होता वो तिचा. अन् तुम्ही हाच कापला?"

त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांचं दुःख वाचवलं असं स्वतःला सांगत आलो होतो. आणि बाई नटी आहेत, हेच विसरलो होतो.

भाचीनं चंद्रपूरची दोन तिकिटं काढली आहेत, पहिल्या दिवसाची, दुपारच्या शोची. पडद्यावर काय चाललंय ते कानात सांगायला बाईंना शेजारी कोणीतरी लागणार, आणि ते काम भाची करणार आहे. परवा बाजारात भेटली तर सांगत होती, आत्या तिच्याकडून रोज सराव करून घेते. कुठं बोलायचं, कुठं गप्प राहायचं.

"काका, तुमच्यासाठी भी विचारलं मी आत्याले."

"काय म्हणाल्या?"

ती जरा अडखळली. मग आत्याच्याच ठसक्यात म्हणाली, "येतो म्हणत असन तर येऊ दे. मागच्या लाइनीत बसव. अन् सांग, तोंड बंद."

मी त्याच दिवशी तिकीट काढलं. मागच्या लाइनीतलं.