तव्यावरचं शास्त्र

जुन्नरला माणसं किल्ला बघायला येतात. खरं म्हणजे त्यांनी आमच्या शाळेतले शास्त्राचे मास्तर बघायला यायला हवं होतं. त्या काळी, म्हणजे स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील, शाळेला प्रयोगशाळा नव्हती. मास्तरांकडे एक तवा, एक स्टोव्ह आणि बॅटरीचा दिवा होता, आणि तेवढ्यावर त्यांनी अख्खा तालुका शहाणा करायचा चंग बांधला होता. कुणाकडे चहाला गेले की चहा राहायचा बाजूला, स्वारी थेट चुलीशी. "वहिनी, चिमूटभर साखर टाका तव्यावर. वितळली? आता मीठ टाका. हलतंय का जागचं?" मीठ नुसतं तडतडायचं. मग मिठातले विद्युतभारित कण एकमेकांना कसे आवळून धरतात आणि साखरेचे रेणू कसे सैल हात धरून उभे असतात, हे सांगून होईपर्यंत वहिनींची साखर काळी ठिक्कर पडायची. डिंगोऱ्याच्या एका लग्नात त्यांनी पंगतीतच मिठाच्या पाण्यात तारा बुडवून दिवा लावला. साखरेच्या पाण्यात तो लागत नाही, हे दाखवेपर्यंत वाढपी बुंदी घेऊन ताटकळले.

मी त्यांच्या हाताखाली नवा शिक्षक. त्या वर्षी वरच्या वर्गांना शास्त्र शिकवायची परवानगी एका तपासणिसाच्या शेऱ्यावर अडली होती. नाही मिळाली तर पोरांना पुणं गाठावं लागणार, म्हणजे बहुतेकांचं शिक्षणच सुटणार. तपासणीच्या दिवशी साहेब वर्गात येऊन बसले आणि मास्तरांनी फळ्यावर झोकात लिहिलं, 'सगळे क्षार तव्यावर टिकतात.'

"सगळे?" साहेबांनी विचारलं.

हो म्हणावं नि मोकळं व्हावं की नाही! पण मास्तर म्हणाले, "शंका रास्त आहे. जाणत्याला विचारू." आणि उठून गेले की! परतले ते पेठेतल्या कल्हईवाल्या चाचांना घेऊन. त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं. चाचांनी तापल्या तव्यावर कल्हईचा नवसागर टाकला. पांढऱ्या धुरानं वर्ग भरला.

"ह्यो कुटं टिकतोय, मास्तर? आमी जल्मभर डोळं चोळतोय."

मास्तरांनी उरलेला नवसागर पाण्यात विरघळवून तारा बुडवल्या. दिवा लागला! "म्हणजे क्षारच! तरी उडतो! राव, मी चुकलो!" घरात पाळणा हलावा इतक्या आनंदानं ते ओरडले, आणि 'सगळे' पुसून तिथं 'बहुतेक' लिहिलं. मी मनात म्हटलं, गेली परवानगी. साहेबांनी खोकत खोकत शेरा लिहिला, 'येथे खरे शास्त्र शिकवले जाते.' इतका अभिमान मला पुढं स्वतःच्या कशाचाही वाटला नाही.

परवानगी मिळाली; पण प्रयोगशाळा बांधून झाली तेव्हा मास्तर निवृत्त होऊन शिनोलीला गेले होते. जाताना तवा माझ्या हातात देऊन गेले. आता ते नाहीत, चाचाही नाहीत. तो धडा मी शिकवतो, आणि फळ्यावर 'सगळे' लिहिलं की माझा हात आपोआप फडक्याकडे जातो.