घर बघायला आलेली माणसं

ताईचं लग्न ठरलं ते विहिरीमुळे. आमचे वडील मार्केट यार्डात एका आडत्याकडे दिवाणजी होते आणि तिचे सासरे त्या गाळ्यावर भाजी घेऊन यायचे. ऐन मे महिन्यातही या माणसाची मेथी हिरवीगार कशी, म्हणून वडील एकदा त्यांच्या गावी जाऊन विहीर बघून आले. आईला म्हणाले, "पोरीला पाण्याची ददात पडणार नाही." विषय संपला. ताईला कोणी विचारलंसुद्धा नाही. मी तेव्हा शाळेत होते.

पुढे शहराचा कचरा त्या गावाशेजारच्या दगडखाणींत पडायला लागला. आधी खड्डे भरले, मग त्यांची टेकडी झाली. इकडे शहरात आयटी आली. कर्वेनगरला आमच्या सोसायटीसमोर बंगले पाडून टोलेजंग इमारती उठल्या आणि घरोघरी रोज नवी खोकी, थर्माकोल, हॉटेलातल्या जेवणाचे डबे. ताईच्या विहिरीचं पाणी पिवळं झालं, मग त्याला वास यायला लागला. गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा आमच्या कोपऱ्यावरचा कचरा आठवडाभर तसाच कुजत होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक गृहस्थ म्हणाले, "या लोकांना प्रगती नकोच आहे." माझ्या बहिणीचं घर तिथे आहे, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. मी मूग गिळून बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

भाचा मात्र त्या प्रगतीतच नोकरीला लागला. हिंजवडीला चांगल्या कंपनीत होता, जाऊन-येऊन रोज चार तास बसमध्ये काढायचा. तिशी उलटली तरी त्याचं लग्न जमेना. गावाचं नाव ऐकलं की माणसं "कळवतो" म्हणायची आणि कधीच कळवायची नाहीत. ताई त्या काळजीने खंगत चालली होती. शेवटी मी शहाणपणा पाजळला. म्हटलं, "कांदेपोहे माझ्याकडे करू. पत्ताही माझाच देऊ."

इतकी वर्षं तिकडे काढल्यावर ताईची बोलीही तिकडचीच झाली होती. "कर," ती म्हणाली, "तुला बरं वाटंल तसं कर."

विश्रांतवाडीचं स्थळ आलं. मुलगीही नोकरी करणारी, बोलकी. दोघं गॅलरीत अर्धा तास बोलत उभी राहिली आणि हसत आत आली. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण मावशीचा फ्लॅट बघून कोणी मुलगी देत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. मुलीच्या वडिलांचा फोन आला, "अहो, आता रविवारी आपल्या गावच्या घरी येतो. घर बघायची रीत आहे ना."

त्या गावात वाऱ्याचं वेळापत्रक लहान मुलांनाही पाठ होतं. सकाळी साडेदहापर्यंत वारा पलीकडे जायचा, नंतर गावाकडे वळायचा. म्हणून आम्ही पाहुण्यांना नऊची वेळ दिली. मी आदल्या दिवशीच जाऊन राहिले होते. ताईने अंगण सारवलं, पिण्याच्या पाण्याचे जार आणवले, खोल्याखोल्यांतून उदबत्त्या लावल्या. पाहुणे ट्रॅफिकमध्ये अडकले आणि साडेअकराला आले.

मुलीच्या आईने रुमाल नाकाशी नेला आणि संकोचून पुन्हा मांडीवर ठेवला. शिऱ्याच्या बशांवर ताई सारखी पदराने वारत होती, तरी माशा बसायच्या त्या बसल्याच. मुलीचे वडील हात धुवायला परस्पर विहिरीच्या नळावर गेले. परत येऊन बसले, ते बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत होते.

"मुलगा आम्हाला पसंत आहे," ते म्हणाले. "पण आमची मुलगी इथे नांदू शकणार नाही. यांनी शहरात घर केलं, तर पुढचं बोलू. मला माफ करा." माणूस वाईट नव्हता. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

भाचा आईकडे बघत होता. तो नाही म्हणणार, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. ताईलाही दिसलं असावं, कारण तिने त्याला बोलूच दिलं नाही. "करंल की," ती म्हणाली. "त्यानं हितं ऱ्हावं असं मलाबी वाटत न्हाई." मग चहा आणते म्हणून आत गेली. मी मागोमाग गेले, तर शेगडी पेटवलेलीच नव्हती. ओट्याला धरून उभी होती. "एकच हाय गं मला," एवढंच म्हणाली.

लग्न झालं. त्यांनी आमच्याच बाजूला भाड्याने फ्लॅट घेतला. ताई पहिल्यांदा तिथे दोन दिवस राहायला आली आणि निघायच्या सकाळी मी तिला बसपर्यंत सोडायला त्यांच्याकडे गेले. तेवढ्यात कचरा नेणाऱ्या बाईंनी बेल वाजवली. सुनेने ओल्या कचऱ्याचा डबा उचलला, तर ताईने तो तिच्या हातातून घेतला.

"ह्ये कुठं जातं गं?"

"माहीत नाही, आई. खाली गाडी येते ना."

भाचा लॅपटॉपसमोर बसला होता. त्याने मान वर केली नाही. ताईने मेथीच्या काड्या, साली, उरलेला भात सगळं एका पिशवीत भरलं आणि तोंडाला गाठ मारली. "मी नेते," म्हणाली. "आमच्या उकिरड्यात पडंल, खत तरी हुईल." सून कावरीबावरी होऊन माझ्याकडे बघत राहिली.

बसमध्ये ताईला खिडकी मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन ती बसली.

"ताई, खाली ठेव ती," मी बाहेरून म्हटलं. "लोकांना वास येईल."

"येऊ दे की," ती म्हणाली. "त्यांचाच हाय."