भरलेली बाटली

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल, सांभाळून घ्यावं. ह्यांची नजर गेली आहे. मुलगा-सून ऑफिसला गेले की इथे परदेशात, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. हे सांगतात, मी लिहिते.

हे हवालदार होते. पोस्टिंग राजस्थानच्या बॉर्डरवर, वाळूत. पाण्याचा टँकर चार दिवसांनी येई. म्हणून ह्यांनी हाताखालच्या सेक्शनला शिस्त लावली होती. गस्तीवर परतीच्या खुणेपर्यंत कोणी बाटली उघडायची नाही. पोस्टवर आल्यावर बाटल्या तपासायच्या. जो जास्त पाणी उरवील तो पक्का जवान. ह्यांनाही तसंच शिकवलं होतं.

जून महिना. पहाटे पाचला आठ जण निघाले. वाळूच्या वादळात वाट चुकली, परतीची खूण सापडेना. साडेदहाला शिपाई सोनबा खाडे अडखळू लागला. अंगावरचा घाम आटला होता.

"खाडे, पाणी पी."

"नको, उस्ताद. माझी अजून भरलेली आहे."

बाटली तपासताना आजही हाच पहिला येणार, असं मागून कोणी चेष्टेत म्हणालं. ह्यांनी पुन्हा सांगितलं नाही.

अकराला खाडे पडला. ह्यांनी वायरलेस सेटवर गाडी मागितली. उत्तर आलं, "वेट, आउट." म्हणजे थांबा, नंतर सांगतो. बारा-दहाला तो गेला. गाडी एकला आली. सेक्शनमधला लान्स नाईक मोरे खाडेच्या देहासोबत गाडीत बसून गेला.

पोस्टवर बाटल्या जमा झाल्या. खाडेची गळ्यापर्यंत भरलेली होती. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, पाणी जवळ असून प्यायला नाही, स्वतःचा हलगर्जीपणा. ह्यांनी खाली सही केली. त्याच्या सामानाची पेटी न्यायला त्याची आई आली. पाणी होतं तर माझा सोनबा प्यायला का नाही, एवढंच तिने विचारलं. हे म्हणाले, माहीत नाही.

नातू इथे नॅशनल सर्व्हिसमध्ये, म्हणजे सक्तीच्या लष्करी नोकरीत आहे. शनिवारी घरी आला, जेवताना हसत सांगू लागला, "आबा, आमची वॉटर परेड असते. मस्ट फिनिश ला, सगळं पाणी प्यावंच लागतं. मग बाटली डोक्यावर उलटी धरून दाखवायची."

"ऑर्डर कोणाची?"

"सार्जंटची."

हे ताटावरून उठले. आज म्हणाले, "लिही. खाडेने ऑर्डर पाळली. ऑर्डर माझी होती."

दोनदा वाचून घेतलं. मग चाचपडत सही केली.

खाडेची आई आता नाही. भाऊ गावी आहे, हा कागद त्याला पाठवायचा. पोस्टात मी एकटी कधी गेले नाही. उद्या जाईन.