कोरा फ्लॅश

"मान वर, हनुवटी खाली, आन् श्वास धरा." आमच्या वडवणीच्या फोटोवाल्या मामांचं हे एका दमातलं फर्मान. मान वर करून हनुवटी खाली कशी ठेवायची, हे आजवर कुणाला जमलेलं नाही. तुम्हीही करून बघा. माणूस त्या कोड्यात अडकला की चेहऱ्यावर जे काही उमटायचं, तेच मामांना हवं असायचं. तेवढ्यात खटका पडायचा.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्यांच्या स्टुडिओला लागूनच. म्हणजे मी पुढच्या रांगेतला कायमचा प्रेक्षक, तोही फुकटा.

मामांचा जीव एका विशिष्ट रोलवर होता. इतर रोलमध्ये आमची उन्हात रापलेली माणसं विटेसारखी लाल यायची, नाहीतर राखेसारखी. या रोलमध्ये काळा माणूस काळाच यायचा, पण देखणा. सोयरिकीचा फोटो काढायला लोक पार चकलांब्याहून यायचे. मामा आधीच बजावायचे, "पोरगी गोरी दिसायची न्हाई, पन नकार बी यायचा न्हाई."

एक दिवस तो रोल बंद झाला. माल घेऊन येणाऱ्या विक्रेत्याला मामांनी विचारलं, "इतका चांगला माल कावून बंद करतेत?" त्यानं समजावलं की कंपनीचं यंत्र अवाढव्य असतं, एकदा सुरू केलं की फिल्मचे गठ्ठेच्या गठ्ठे निघतात. मोबाईल आल्यापासून घेणारे उरलेत मूठभर, आणि फिल्म नुसती ठेवली तर नासते. तो गेल्यावर मामा माझ्याकडे वळले. "गावजेवणाच्या भगुण्यात चार मानसांचा भात शिजव म्हनलं तर आचारी काय करंल? चूल इझवून घरी जाईल." यापेक्षा सोपं उत्तर मी तरी ऐकलेलं नाही.

गाव सांत्वनाला आलं. घरातलं माणूस गेल्यासारखे लोक बाकड्यावर बसून उसासे टाकत होते. मामाही मान हलवत होते, पण मी शेजारी. मला त्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. कारण ठाऊक असलेला मी एकटाच. आता तुम्हालाही सांगतो.

एका रोलात छत्तीस फोटो, आणि लग्नात स्टेजवर चढणार अख्खं गाव. मग मामा खटका न दाबता नुसता फ्लॅश उडवायचे. कोरा. डोळ्यांवर उजेड पडला की माणूस खूश होऊन जेवायला पळायचा. पुढं कुणी फोटो मागितलाच, तर सगळा दोष बिचाऱ्या रोलचा. धुताना जळाला, उजेड शिरला, माल जुना निघाला. नवा डिजिटल कॅमेरा आला, त्या दिवशी मामा म्हणाले, "सुटलो बे. आता खोटं बोलायचं कामच न्हाई."

सुटले नव्हते. काही वर्षांनी एक बाई आली, मेंढपाळाची लेक. बाप नुकताच गेला होता. त्याचा जन्मात एकच फोटो निघालेला, दिंद्रुडला एका बागायतदाराच्या घरच्या लग्नात. तेव्हा ही लहान होती, स्टेजखाली उभी राहून बघत होती.

"फ्लॅश पडलेला मी डोळ्यानं बघितलाय, मामा."

मामांनी सवयीनं तोंड उघडलं. "बाई, त्यो रोल..." बाई तिथंच स्टुलावर बसून राहिली. मामांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. घोंगडी घेऊन स्टेजवर चढलेल्या माणसासाठी आपण खरा फोटो खर्च केला असेल, असं त्यांना स्वतःलाच वाटत नव्हतं.

बिस्किटांच्या डब्यातून त्या लग्नाच्या निगेटिव्ह निघाल्या. मामा त्यांना हात लावेनात, म्हणून डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून मीच दारातल्या उजेडात एकेक पट्टी बघायला लागलो. नवरा-नवरी. पुढारी. पुन्हा पुढारी. पुढाऱ्याचा मेहुणा, जेवायच्या आधी आणि जेवल्यावर. छत्तीस संपले. मामा भिंत धरून खाली बसले.

शेवटची पट्टी मात्र संपली नव्हती. तो रोल कधी कधी कबूल केल्यापेक्षा एक फोटो जास्त द्यायचा. रोल संपलाच आहे असं समजून मामांनी बिनधास्त खटका दाबला होता.

"कोन हाय?" मामांनी खालूनच विचारलं.

"घोंगडीवाला," मी म्हणालो.

मामांनी टोपी काढून तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिले.

बीडहून फोटो करून आणला. काळा माणूस, देखणा, हातात काठी. फक्त डोळे गच्च मिटलेले. मामा ओशाळले. संगणकावर डोळे उघडून देतो, हल्ली सगळं होतं, असं काहीबाही सांगू लागले. बाईनं फोटो पदराआड धरला.

"नगं, मामा. मेंढरामागं असाच उभ्यानं झोपायचा त्यो. डोळे उघडले तर दुसऱ्याच कुनाचा बाप वाटंल."

ती गेली. मामा खुर्चीत टेकले, ते भिंतीला डोकं लावून भरदुपारी घोरायलाच लागले. संध्याकाळपर्यंत मी घड्याळं बाजूला ठेवून त्यांच्या दारात बसलो होतो, आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना हळू बोला म्हणून सांगत होतो.