पायलीभर कोंड्याचा मुलगा

कामाला हात घालण्याआधी मामा उजव्या नाकपुडीला अंगठा लावायचे. तिथे बारीकसं भोक होतं, लहानपणी टोचलेलं. स्टोव्ह असो, कुकर असो, आधी नाकपुडी चाचपायची, मग पाना उचलायचा. बाप्याच्या नाकाला भोक कसं, असं कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं.

"पायलीभर कोंड्याला विकलाय मला. कोंड्याचा माणूस आहे मी."

नवीन माणूस हसायचा. त्याला वाटायचं थट्टा करतायत. थट्टा नव्हती.

जेसल पार्कात माझी पिठाची चक्की होती. तिच्या एका कोपऱ्यात मामा बसायचे. त्याआधी गिरणगावात आम्ही एकाच चाळीत राहिलो. ते कापड गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली, चाळ सोडली, आणि आम्ही दोघांनीही भाईंदरला घरं घेतली, कारण दुसरीकडे परवडत नव्हती. त्यांची बायको इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी गेली. घरात बसून माणूस खराब होईल म्हणून मी म्हटलं, माझ्या कोपऱ्यात बसा, स्टोव्ह दुरुस्त करा, आणि माझ्या चक्कीचा दगड झिजला की त्याला छिन्नीने टाकी लावा. उपकार नव्हते. टाकी लावणारा माणूस मला हवाच होता.

सगळी बिल्डिंग त्यांना मामा म्हणायची. मला ते वैनी म्हणायचे. मूळचे गोव्याचे, पोर्तुगिजांच्या राज्यात जन्मलेले.

त्या भोकाची गोष्ट अशी. त्यांच्या आईची आधी तीन मुलं गेली. आपल्याकडे असं झालं की पुढचं मूल दुसऱ्या बाईला कोंड्याच्या बदल्यात विकतात, नाक टोचतात, नाव दगडू-कोंडू असं ठेवतात. म्हणजे हे मूल या घरचं नाहीच, असं सटवीला वाटावं आणि तिने दुसरं दार बघावं. तुमच्याही घराण्यात असा एखादा असेल, शोधून बघा. मामांच्या आईबापांनी तिसरं मूलसुद्धा विकलं होतं. तरी ते गेलं. मग बापाने पुष्कळ डोकं चालवलं आणि चूक काढली. मूल विकलं खरं, पण सरकारी बुकात बाप म्हणून आपलंच नाव लिहिलं. सटवीने ते वाचलं.

चौथ्या वेळी बापाने धोका पत्करला नाही. शेजारच्या घरात एक जोडपं होतं, मूलबाळ नसलेलं. त्या बाईने पायलीभर कोंडा मोजून दिला. बाप आणि तिचा नवरा दोघे मिळून कचेरीत गेले आणि पोर्तुगिजांच्या बुकात मुलगा शेजाऱ्याचा म्हणून लिहून आले. आडनाव दोन्ही घरांचं एकच, गावात अर्ध्या लोकांचं तेच, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पोर वाढलं स्वतःच्या आईकडे, पण सणाचा पहिला घास शेजारणीच्या हातचा. बाराव्या वर्षी ते काकाबरोबर मुंबईला आलं. इथे शाळेत, गिरणीत, रेशनकार्डावर सगळीकडे खऱ्या बापाचं नाव लागलं. पोर्तुगिजांचं बुक गोव्यात मिटून पडलं. पंचेचाळीस वर्षं त्याची कुणाला आठवण झाली नाही.

आठवण मुलामुळे झाली. मामांचा एकुलता एक मुलगा आखातात हॉटेलात आचारी होता. बायको आणि मुलगी तिकडेच. टेलिफोन फक्त माझ्या चक्कीत, म्हणून दर शुक्रवारी तो माझ्याकडे फोन करायचा, आणि चक्की बंद करून मी सगळं ऐकायचे. उगाच खोटं कशाला बोलू.

नव्वद सालानंतरची गोष्ट. एका शुक्रवारी तो म्हणाला, "बाबा, दीड वर्षाने माझं कंत्राट संपतंय. हे लोक नवीन करत नाहीत. पंधरा वर्षं राहिलो तरी आपण इथले होत नाही. तिकडे येऊन काय करू? तुमचा जन्म पोर्तुगिजांच्या वेळचा आहे. त्यांच्या कायद्याने तुम्ही त्यांचे, आणि तुमच्यामुळे मी. इथल्या त्यांच्या वकिलातीत मी विचारून आलोय. आधी तुमचा जन्म त्यांच्याकडे चढवायचा, मग माझा. तुमचा गोव्याचा जन्मदाखला तेवढा काढा."

मामांनी नाकपुडीला अंगठा लावला. "काढतो," म्हणाले.

मीरा रोडला शांती नगरात एक एजंट असली कामं करायचा. आम्ही दोघं गेलो. तो म्हणाला, "अंकल, एकदम सिंपल केस है." दीड महिन्याने दाखला आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अंकल, ये तो आप नहीं हो. बाप का नाम दूसरा है, माँ का भी दूसरा."

"मीच आहे तो. कोंड्याला विकलाय मला."

"क्या?"

मी त्याला हिंदीत सगळं समजावलं. माझं हिंदी दूधवाल्याशी भांडण्यापुरतं. तो डोक्याला हात लावून बसला. मग म्हणाला, "वो आंटी जिंदा है?"

जिवंत होती. नव्वदीला टेकलेली, गावातच, एकटी. मामा दर वर्षी गणपतीला जाऊन तिला लुगडं देऊन यायचे.

"फिर क्या टेन्शन! वकील के सामने अंगूठा लगाएगी, बोलेगी ये मेरा बेटा नहीं है. कोर्ट रजिस्टर सुधारेगा. बस."

मुलाला फोनवर सांगितलं, तर तो आनंदाने ओरडलाच. "एका अंगठ्याचं काम! बाबा, या आठवड्यातच जा."

मामांना बरीच वर्षं ओळखणारं कुणीतरी साक्षीला लागत होतं. म्हणून मी गेले. बिल्डिंगमधल्या बायकांना विषय मिळाला. तिसऱ्या मजल्यावरच्या बेनने मला जिन्यातच गाठलं. "मामा साथे गोवा? फरवा?"

म्हटलं, "हो, हनिमूनला. तुमचं दळण सोमवारी मिळेल."

म्हातारीचं घर लहान, सारवलेलं. ती पुढच्या ओसरीतल्या सोप्यावर बसली होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं. मामा जवळ गेले तशी हात पुढे करून तिने त्यांचं नाक चाचपलं. भोक सापडलं.

"कोंडो आयलो गे म्हजो," ती मला म्हणाली. मी कोण हे तिने विचारलंसुद्धा नाही.

वकील आमच्याबरोबर होता. टाईप केलेला कागद आणि शाईचं पॅड घेऊन आला होता. पाय न धुता सोप्यावर बसला आणि मोठ्याने म्हणाला, "आजी, हा तुमच्या पोटचा मुलगा नाही, एवढंच सांगायचं आणि अंगठा द्यायचा."

म्हातारीने पुन्हा मामांचं नाक चाचपलं. मग म्हणाली, "बुकांत म्हजो पूत म्हूण बरयलां. म्हूण तो जितो आसा."

बुकात माझा मुलगा लिहिलाय, म्हणूनच तो जिवंत आहे, असं तिचं म्हणणं. वकील हसला. मी हसले नाही. मला ते पटलं म्हणून नव्हे, तिचा चेहरा बघून. अठ्ठावन्न वर्षं ही बाई त्या एका ओळीवर पहारा देत बसली होती, आणि आम्ही ती ओळ पुसायला आलो होतो.

मामांनी खाली बसून तिला हळूहळू सांगितलं. मुलाची नोकरी जातेय. त्याला तिकडचा कागद लागतोय. तुझ्या अंगठ्याने होईल.

"नातवाचें काम?" तिने विचारलं.

"हय."

मग तिने हात पुढे केला. वकिलाने पॅड उघडून तिचा अंगठा धरला. तेव्हा ती म्हणाली, "मागीर ताका कितेंय जालें जाल्यार म्हाका सांगूं नाकात."

नंतर याला काही झालं, तर मला सांगू नका.

मामांनी पॅडवर हात ठेवला. असा ठेवला की पंजा काळा झाला. "वकीलसाहेब, बंद करा."

"अहो, तुमचा विश्वास आहे की काय असल्या गोष्टींवर?"

"माझा नाही. तिचा आहे."

"मग मुलाचं काय?"

"बुक आहे तसं राहू दे. मीच बुकासारखा होतो. माझे कागद बदलतो. रेशनकार्ड, पासपोर्ट, सगळं."

वकील उठलाच. "या वयात बाप बदलणार तुम्ही?"

"माझा बाप मरून तीस वर्षं झाली. त्याला काही फरक पडत नाही. शिवाय हे बुक त्यानेच लिहून ठेवलंय."

म्हातारी विचारत होती, जालें? जालें? मामा म्हणाले, "जालें गे." काळ्या हाताने तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. पदरावर पाच बोटं उठली. तिला काही दिसलं नाही. मी बोलले, लुगडं खराब केलंत. तेवढंच सुचलं.

येताना मी त्यांना झापलं. म्हटलं, मामा, म्हातारी आज आहे उद्या नाही, मुलगा तिथे जीव मुठीत धरून बसलाय, आणि तुम्ही नाटकं करताय. ते काळा पंजा रुमालाने पुसत राहिले. मी म्हणाले ते चूक होतं असं मला आजही वाटत नाही. पण मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, हेही मला सांगता येत नाही.

मुलाने फोनवर ऐकलं आणि फोन ठेवून दिला. पुढचे चार शुक्रवार फोन आला नाही. मामा त्या वेळेला कोपऱ्यात बसून तोच एक बर्नर पुसायचे. पाचव्या शुक्रवारी घंटी वाजली. मी उचलला. "काकू, बाबांना विचारा, कागद कुठपर्यंत आले?" एवढंच. मी त्याला म्हटलं, बापाशी बोल, मी काय तुमची पोस्टमन आहे? मग बोलला.

त्यानंतर आठ महिने आम्ही ठाण्याच्या कचेऱ्या झिजवल्या. एका साहेबासमोर मी साक्ष दिली.

"किती वर्षं ओळखता यांना?"

"माझ्या लग्नापासून."

"तुम्ही यांच्या कोण?"

"कुणी नाही. म्हणून तर खरं सांगतेय."

"हा दाखल्यावरचा मुलगा म्हणजे हेच, हे कशावरून?"

"नाक बघा."

साहेबाने खुर्चीतून उठून नाक बघितलं. मामांच्या जुन्या पासपोर्टात ओळखीच्या खुणेच्या जागी नाकपुडीचं भोकच लिहिलेलं होतं. म्हातारीच्या गावच्या दोन माणसांनीही तेच लिहून दिलं होतं. ज्या भोकाने सटवीला चकवलं, त्यानेच सरकारला पटवलं. मी सही केली. चौथीपर्यंत शिकलेय, अंगठा देत नाही.

गॅझेटात नाव छापून आलं त्या दिवशी मामांनी चक्कीत येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचून दाखवलं. दळण बाजूला राहिलं. बेनला म्हणाले, "बघा बेन, आजपासून माझा बाप दुसरा." बेन म्हणाली, "अरे वाह, मुबारक हो!" तिला काय कळलं देव जाणे.

सगळे कागद मुलाकडे पाठवले. त्याचं कंत्राट संपायला सतरा दिवस उरले होते तेव्हा फोन आला. "काकू, झालं. बाबांना द्या." मामांनी ऐकलं, "बरं" म्हणाले, फोन ठेवला, नाकपुडीला अंगठा लावला आणि उघडा टाकलेला स्टोव्ह पुन्हा हातात घेतला. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाले, "वैनी, मुलगा पोर्तुगीज झाला."

"आणि तुम्ही?"

"मी कोंड्याचा."

आमचे दोघांचेही डोळे पाणावले होते. पण चक्कीत पीठ उडतं, त्यामुळे तसं काही सांगता येत नाही.

मुलगा बायको-मुलीला घेऊन पोर्तुगालला गेला. वर्षभराने बापालाही बोलावू लागला. मामा म्हणायचे, थंडी सोसत नाही. तेवढ्यात गोव्याहून पत्र आलं. म्हातारी पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. गावातल्या कुणीतरी लिहिलं होतं, तुम्ही तिचा मुलगा म्हणून कळवतो.

मी म्हटलं, "कागदावरची आई आहे, कागदावरच सांभाळा. मनीऑर्डर करा, बाई ठेवा."

मामा हत्यारं पिशवीत भरत होते. म्हणाले, "वैनी, माझा पासपोर्ट म्हणतोय ती माझी आई. गॅझेट म्हणतंय. रेशनकार्डसुद्धा तेच म्हणतंय. मी एकटाच कसा नाही म्हणू?"

मी त्यांचा पाना फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकला.

जाताना चक्कीच्या दगडाला त्यांनी शेवटची टाकी लावून दिली. नंतर गावाहून एक पत्र आलं. म्हातारी बरी आहे, भिंत धरून चालते, नाक रोज चाचपते. मग पत्रं कमी होत गेली. तुम्ही-आम्ही तरी कुठे लिहितो?

लोक बरेच दिवस कुकर घेऊन यायचे. "मामा किधर गये?" मी सांगायचे, "अपनी माँ के पास." साठीच्या माणसाची आई म्हटल्यावर लोक बघत राहायचे. समजावत बसायला मला वेळ नव्हता.

त्यांच्या कोपऱ्यात आता कोंड्याचं पोतं ठेवते. जागा रिकामी कशाला ठेवायची?